बोस्टनचे वार्तापत्र : सिकलसेलचा उंदीर



सोयाबीनची पोती कुरतडणारा उंदीर आपला वैरी. इथं बोस्टनमध्ये त्याच्यासाठी वातानुकूलित खोल्या आहेत. कोट, टोपी, मोजे चढवल्याशिवाय आत सोडत नाहीत. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड : जन्मतारीख, आईबाप, कोणतं जनुक बदललं. ओळख पटावी म्हणून कानाला बारीक छिद्र.

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. हातपाय ठणकतात, अंगात रक्त राहत नाही, लेकरू वरचेवर दवाखान्यात. उंदराला मात्र हा आजार होतच नाही. म्हणून अलाबामा आणि बर्कली इथल्या दोन गटांनी त्याची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुकं काढून माणसाची सदोष जनुकं घातली. १९९७ साली ते उंदीर जगापुढे आले. त्यांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी होत्या, प्लीहा सुजलेली होती.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते बंद पडतं, त्यामागे बीसीएल११ए हे जनुक. २०११ मध्ये इथल्याच स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं सिकलसेलच्या उंदरांत ते जनुक निकामी केलं, बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागलं आणि उंदीर सुधारले. त्याच वाटेनं आलेल्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, दुरुस्त करून परत देतात. मधे केमोथेरपी सोसावी लागते.

ज्याच्या जिवावर हे झालं, तो उंदीर अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यात प्राणीच नाही! संशोधनासाठी वाढवलेले उंदीर २००२ च्या दुरुस्तीनं वगळले. हृदयरोगाच्या अभ्यासातला ससा त्याच कायद्यात आहे. सरकारी अनुदानाच्या प्रयोगांना समितीची परवानगी लागते, तेवढाच उंदराला आधार. दुखणं दोघांनाही सारखंच होतं. हा भेद मला अजिबात पटत नाही.

‘कॅसजेव्ही’ उपचाराची किंमत २२ लाख डॉलर. गरिबांच्या सरकारी विम्यालाही ती जड जाते, म्हणून गुण आला तरच पूर्ण पैसे, असे करार सरकार कंपन्यांशी करू लागलं आहे.

आपल्याकडे जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि तिचा भर रक्ततपासणीवर आहे. आईबाप दोघंही सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू आजारी निपजण्याचा धोका चारात एक. तुळशीच्या लग्नानंतर सोयरिकी जुळू लागतील. बोलणी पक्की होण्याआधी दोन्हीकडची तपासणी करून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती.