मीटिंगमध्ये माइक कुणाच्या हातात?

मंडेची मीटिंग आठवा. बॉस विचारतो, ‘एनी आयडियाज?’ टीममधली एक जण हळू आवाजात काहीतरी सुचवते. कुणाचं लक्षच नसतं. पाच मिनिटांनी तीच आयडिया शेजारचा दणक्यात मांडतो आणि बॉस खूश, ‘अरे, हेच तर हवं होतं!’ ओळखीचं वाटतंय ना?

हिंजवडी असो की बीकेसी, मैत्रिणींशी गप्पा मारताना हा किस्सा मला हमखास ऐकायला मिळतो. त्या हसत हसत सांगतात. पण अप्रेझलच्या दिवशी हसू विरतं. क्रेडिट भलत्याच्याच नावावर जमा झालेलं असतं!

‘मी’ की ‘आम्ही’?

अमेरिकन भाषातज्ज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९९४ मध्ये ऑफिसातल्या बोलण्यावर ‘टॉकिंग फ्रॉम नाइन टू फाइव्ह’ हे पुस्तकच लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण असं, की स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलतानाही अनेक बायका ‘आम्ही केलं’ म्हणतात, तर पुरुष बिनदिक्कत ‘मी केलं’ म्हणून मोकळे होतात. ‘मीपणा बरा नव्हे’ हे ऐकतच आपल्याकडच्या मुली मोठ्या होतात. मग कामाचा हिशेब मांडताना ‘मी’ ओठांवर येणार कसा?

तू, तुम की आप?

आता यात प्रांतांची मिसळ घाला. पुण्याचा पोरगा हिंदीतही सरळ ‘तू’ म्हणतो. त्याच्या लेखी ती दोस्ती. लखनौहून आलेल्या सहकाऱ्याला मात्र तो चक्क अपमान वाटू शकतो. क्लायंट कॉलवर तर आणखी गंमत. आपलं ‘बघतो, ट्राय करतो’ म्हणजे सभ्य भाषेतला नकार. पलीकडचा जर्मन मात्र ‘शुक्रवारी मिळणार’ असं लिहून घेतो. न बोललेलं ओळखणाऱ्या अशा समाजांना एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये ‘हाय कॉन्टेक्स्ट’ असं नाव दिलं होतं.

टपरीवरचे निर्णय

खरी मेख मीटिंगबाहेर आहे. निम्मे निर्णय चहा-सुट्ट्याच्या ब्रेकमध्ये होतात, तेही मराठीत. तिथे टीममधली मुलगी नसते आणि चेन्नईचा मुलगा असला तरी नुसता हसत उभा असतो. मग मीटिंगमध्ये हे दोघं गप्प बसले, की शेरा ठरलेला: ‘कॉन्फिडन्स कमी आहे.’ मला विचाराल तर कमी आहे ते मॅनेजरचं लक्ष.

उपाय अवघड नाही. ओबामांच्या व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. एकीने मुद्दा मांडला, की दुसरी तो तिच्या नावासकट पुन्हा मांडायची. २०१६ मध्ये ही गोष्ट छापून आली. खुद्द ओबामांच्याही ते लक्षात आलं आणि ते बायकांना जास्त वेळा बोलायला सांगू लागले.

टीम लीड असाल, तर एवढं कराच

- अजेंडा आदल्या दिवशी पाठवा. विचार करून बोलणाऱ्यांना वेळ मिळतो.
- प्रत्येकाला एकदा तरी बोलतं करा. कुणी मध्येच तोडलं, तर ‘तिचं पूर्ण होऊ दे’ म्हणा.
- टपरीवर ठरलेलं त्याच दिवशी सगळ्यांना मेलवर कळवा.
- मिनिट्समध्ये आयडियासमोर नाव लिहा.

आणि टीम लीड नसाल तर? पुढच्या मीटिंगमध्ये फक्त एवढंच म्हणा, ‘हे तिने आत्ताच सांगितलं होतं.’ पाच शब्द. पण तिच्या अप्रेझलमध्ये त्यांचं वजन पडतं, बॉस!