गाणी तोंडपाठ, पण पिक्चर?

मागच्या महिन्यात वीकेंडला जोडून एक सुट्टी टाकली आणि घरी पळाले. घर म्हणजे जळगाव आणि त्यातही मेहरूण. थंडीत मेहरूणची बोरं आणि संध्याकाळी तलावाला एक चक्कर, हा आमचा फिक्स कार्यक्रम. त्या दिवशी भावाच्या गाडीत 'जैत रे जैत' लावलं होतं. मागच्या सीटवर आई. प्रत्येक गाण्याचं म्युझिक सुरू व्हायचा अवकाश, तिचा सूर लागलेला! मी सहज विचारलं, "आई, पिक्चर कुठे बघितला होतास गं?"

"पिक्चर? तो कुठे बघितला मी. गाणी ऐकली फक्त, रेडिओवर."

घ्या! शाळेत असल्यापासून गाणी पाठ आणि सिनेमा शून्य. हसू आलं खरं, पण पुण्यात परत आल्यावर ऑफिसमध्ये विचारलं तर तिथेही तेच. 'उंबरठा'ची गाणी प्रत्येकाच्या प्लेलिस्टमध्ये, सिनेमा बघितलेले दोघं. 'सिंहासन'मधलं सुरेश भटांचं गाणं मोर्च्यात हमखास वाजतं, पण ते सिनेमातलं आहे हेच अनेकांना माहीत नाही. हे तिन्ही सिनेमे एकाच माणसाचे आहेत, डॉ. जब्बार पटेल यांचे. आणि हा माणूस खरंच डॉक्टर बरं का! बालरोगतज्ज्ञ. दौंडला प्रॅक्टिस करत करत नाटक-सिनेमा करणारा.

१९७२ साली 'घाशीराम कोतवाल' आलं. रंगमंचावर ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण म्हणजेच पडदा, तेच भिंत आणि तेच कोरस. माझ्या मते जब्बार पटेलांच्या सिनेमातल्या गाण्यांचा फंडा इथेच आहे. हिरो-हिरॉइन बागेत गेली की गाणं, असा हिशोब त्यांच्याकडे नाही. गाणारी माणसं गोष्ट पुढे नेतात, कधी पात्रांना टोमणा मारतात, कधी त्यांच्या मनातलं बोलतात. 'घाशीराम'चे संगीतकार भास्कर चंदावरकर, आणि पहिल्या सिनेमाचे, 'सामना'चेही तेच. तेंडुलकरांची पटकथा, समोरासमोर निळू फुले आणि डॉ. लागू. साखर कारखान्याचं राजकारण असलेला हा ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा १९७५ मध्ये थेट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत जाऊन आला. आरती प्रभूंचे शब्द आणि रवींद्र साठेंचा तो कोरडा, थकलेला आवाज. रात्री हेडफोन लावून ऐका एकदा.

पण मला खरं बोलायचंय ते 'जैत रे जैत'बद्दल (१९७७). कारण इथे आम्ही खान्देशी लोक थोडी कॉलर ताठ करू शकतो! स्मिता पाटील मूळची आमच्या शिरपूरची. आणि गीतकार ना. धों. महानोर. त्यांचं पळसखेड जिल्ह्याच्या हिशोबाने पलीकडचं, अजिंठ्याच्या पायथ्याचं, पण शिक्षणासाठी ते शेंदुर्णीला आणि जळगावला होते. त्यामुळे आम्ही त्यांना आमचेच मानतो, यावर वाद नको. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गोष्ट ठाकर आदिवासींची. मधमाशीच्या डंखाने डोळा गमावलेला नाग्या (मोहन आगाशे) डोंगरावरची पोळी उतरवायचा हट्ट धरतो आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी (स्मिता) त्याच्या पाठीशी उभी राहते. या सिनेमात गाणी इतकी आहेत की संवादांपेक्षा तीच जास्त बोलतात. महानोर स्वतः शेतकरी, त्यामुळे झाड, पाऊस, डोंगर हे त्यांच्या शब्दांत शोभेला येत नाहीत. हृदयनाथ मंगेशकरांनीही चाली गुळगुळीत केल्या नाहीत. ढोल आहे, समूहाचा आवाज आहे आणि मधूनच आशाबाईंचा असा काही स्वर की अंगावर काटा यावा.

'सिंहासन'मध्ये (१९७९) बरोबर उलटं. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, मंत्रालय आणि पत्रकारांचा हा सिनेमा. गाण्याला जागाच कमी, म्हणूनच आलेलं गाणं डोक्यात बसतं. 'उंबरठा'मध्ये (१९८२) घर सोडून महिलाश्रमात नोकरीला जाणारी सुलभा आहे. आपल्यापैकी जी कुणी ट्रान्सफर घेऊ की नको म्हणून रात्र-रात्र जागली असेल, तिने तो बघाच. लताबाईंची गाणी मैफिलीत गोड वाटतात, सिनेमात ती टोचतात.

सगळंच जमलंय असं नाही हं. 'मुक्ता' (१९९४) मला भाषणबाज वाटला, सोनाली कुलकर्णी असूनही. महानोर आणि आनंद मोडक यांची गाणी मात्र तिथेही सिनेमापेक्षा दोन पावलं पुढे. याच जोडीचा 'एक होता विदूषक' (१९९२) हा माझ्या मते सगळ्यात अन्याय झालेला सिनेमा. पुलंची पटकथा, तमाशातून राजकारणापर्यंत पोचलेला सोंगाड्या, आणि लक्ष्मीकांत बेर्डे! लक्ष्याला असं बघायची आपली तयारीच नव्हती बहुतेक. लावण्या तर एकेक सॉलिड. त्यानंतर मामुट्टीचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००), तो बहुतेकांनी बघितलाय. एवढ्या वर्षांत एवढेच मोजके सिनेमे. आता वाटतं, अजून चार करायला हवे होते.

तर, पुढच्या खेपेला घरी गेले ती लॅपटॉपवर 'जैत रे जैत' घेऊनच. आईला शेजारी बसवलं. पहिला अर्धा तास ती गाणी म्हणत होती, मग हळूहळू गप्प झाली. जैत म्हणजे विजय. तो नाग्याला केवढ्याला पडतो, हे मी सांगत नाही. पिक्चर संपल्यावर ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तलावावर तिचं गुणगुणणं नेहमीसारखं चालू होतं. एका गाण्याला मात्र थांबली.

"हे तिथे येतं ना गं," म्हणाली आणि पुढचं कडवं म्हटलंच नाही.