घासलेटाचा दर्प आणि त्याचा रासायनिक बंदोबस्त
घासलेट हे मुख्यत्वे १० ते १६ कार्बन-अणूंच्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून, सुमारे १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारे असल्याने, बंद कोठीत सांडले असता पेट्रोलाप्रमाणे झटकन उडून न जाता शहाबादी फरशीच्या रंध्रांत मुरते आणि कित्येक दिवस आपली हजेरी लावीत राहते. म्हणून दारे-खिडक्या उघडाव्या, दिवा-काडी दूर ठेवावी, आणि कोरडी माती पसरून द्रव त्वरित टिपून घ्यावा. पाण्याशी त्याचे सख्य नसल्यामुळे नुसते धुणे व्यर्थ होय. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलास व दुसरे जलास धरीत असल्याने मात्र तेलाचे सूक्ष्म थेंब सुटून वाहून जातात. खाण्याच्या सोड्याची शिफारस सर्रास होते. परंतु जे मुळात आम्लच नव्हे, त्याचे उदासिनीकरण तो बिचारा काय करणार! हवेत रेंगाळणाऱ्या बाष्पासाठी सक्रियित कोळसाच खरा उपयोगी, कारण त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ ५०० चौरस मीटरांहूनही अधिक असू शकते व त्यावर ते रेणू चिकटून बसतात. ब्लीचिंग पावडर मात्र इंधनावर कदापि टाकू नये. ती तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने त्या संयोगातून आगच लागण्याचा संभव असतो.