पादत्राणांच्या दुकानातून आकाशाकडे

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या लहानशा शहरात ऑर्व्हिल कार्लाइल हे गृहस्थ पादत्राणांचे दुकान चालवीत. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात त्यांना शोभेच्या दारूकामाचा छंद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींची आवड. अग्निबाणाचे तत्त्व श्रोत्यांना प्रत्यक्ष दाखविता यावे, म्हणून या भावांनी 1954 मध्ये कागदी नळीचा एक छोटा अग्निबाण तयार केला. तो इंजिनाच्या बळावर वर जाई, छत्रीच्या आधाराने अलगद उतरे आणि नवे इंजिन बसविले की पुन्हा उडे.

पुढे 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतील मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. धातूच्या नळ्यांत घरी कालविलेली रसायने ठासण्याच्या प्रयत्नात अनेक मुले जायबंदी झाली, काहींना प्राण गमवावे लागले. अग्निबाण-अभियंते हॅरी स्टाइन यांनी त्याच वर्षी एका मासिकात या धोक्याविषयी लिहिले होते. तो लेख वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. येथूनच सुरक्षित मॉडेल अग्निबाणांचा छंद जगभर पसरला.

कार्लाइल यांची कल्पना साधी होती. धोक्याचे काम मुलाच्या हातून काढून घ्यावे आणि बुद्धीचे काम त्याच्याकडे ठेवावे. इंजिन कारखान्यात तयार व्हावे. नळी, पंख, टोक आणि छत्री मुलाने घडवावी. व्हर्न एस्टेस यांनी लवकरच दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन तयार करणारे यंत्र उभारले. प्रत्येक इंजिन दुसऱ्यासारखेच निघू लागले आणि मापाची खात्री आली. या खात्रीमुळेच छंदातील अवघड पायरी, म्हणजे अनेक इंजिनांचा अग्निबाण, घरच्या टेबलावर आली.

इंजिनावर 'सी 6-5' अशी खूण असते. अक्षर एकूण शक्तीचा वर्ग सांगते; अक्षर एकाने पुढे गेले की शक्तीची कमाल मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो आणि शेवटचा आकडा, इंधन संपल्यावर किती सेकंदांनी छत्री उघडेल ते. अशी तीन इंजिने एकत्र बांधली, तर छापील आकड्यांप्रमाणे रेटा 18 न्यूटन, म्हणजे सुमारे 1.8 किलो वजन तोलून धरण्याइतका होतो.

परंतु ही बेरीज तिन्ही इंजिने एकाच क्षणी पेटली तरच खरी ठरते. एक जरी मागे राहिले, तरी रेटा एका बाजूला पडतो आणि अग्निबाण न पेटलेल्या इंजिनाच्या दिशेला कलतो. म्हणून जाणकार इंजिने मध्यरेषेला शक्य तितकी चिकटवून बसवितो. शेपटाकडे वाढलेल्या वजनाचा तोल राखण्यासाठी टोकात थोडे वजन घालतो आणि पंख मोठे करतो. पेटविणाऱ्या तारा एकामागे एक जोडल्या, तर पहिली जळताच प्रवाह तुटतो व बाकीच्या थंड राहतात. म्हणून त्या समांतर जोडाव्या लागतात आणि सर्वांना एकदम पुरेल अशी दमदार बॅटरी घ्यावी लागते.

मोठ्या अग्निबाणांनाही हाच नियम लागू पडतो. सोव्हिएत संघाच्या एन-1 अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात 30 इंजिने होती. 1969 ते 1972 या काळातील त्याची चारही उड्डाणे अयशस्वी झाली. उलट 1970 मध्ये अपोलो-13 च्या दुसऱ्या टप्प्यातील पाचांपैकी मधले इंजिन वेळेआधी बंद पडले, तेव्हा उरलेली चार अधिक वेळ चालली आणि यान कक्षेत पोहोचले. बंद पडलेले इंजिन मध्यावर असल्याने तोल ढळला नाही.

या छंदाच्या सुरक्षा-नियमांत एक नियम विशेष मोलाचा आहे. कळ दाबूनही अग्निबाण उडाला नाही, तर प्रथम सुरक्षा-किल्ली काढावी आणि 60 सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. उत्साहाने भारलेल्या मुलाला हे एक मिनिट फार मोठे वाटते. तथापि, अपघात बहुधा अशाच उतावीळ मिनिटात घडतात.

आपल्याकडे दिवाळीनंतर उरलेल्या फटाक्यांतील दारू काढून 'रॉकेट' बनविण्याचा मोह अनेक मुलांना होतो. 1884 च्या स्फोटक पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय असे मिश्रण बनविणे गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात डोळे आणि बोटे पणाला लागतात. मुलाला नुसते रागावून हे कुतूहल शमत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी भरावे, सायकलच्या पंपाने हवा कोंबावी आणि मोकळ्या मैदानात, दूर उभे राहून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली ती उडवावी. रेटा, पंख, तोल आणि प्रतीक्षा हे चारही धडे त्यात आहेत, आणि आगीचा लवलेशही नाही.

नॉरफोकच्या त्या दुकानदाराने स्वतःच्या मौजेसाठी केलेली वस्तू इतरांची मुले सुखरूप राहावीत म्हणून पुढे केली. त्यांच्या छंदाचे खरे मोल यातच आहे.