अभिकर्त्याची व्यक्तिगत जबाबदारी

दुसऱ्याच्या वतीने एखादे कृत्य करण्यासाठी किंवा त्रयस्थांशी होणाऱ्या व्यवहारांत त्याचे प्रतिनिधित्व करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीस अभिकर्ता व ज्याच्या वतीने तो काम करतो त्यास प्रकर्ता म्हणतात (भारतीय संविदा अधिनियम १८७२, कलम १८२). अभिकर्त्याने आपल्या अधिकारकक्षेत राहून केलेली संविदा प्रकर्त्याने स्वतःच केली असावी, त्याप्रमाणे त्याच्यावर बंधनकारक होते (कलम २२६). तसा करार नसल्यास अभिकर्त्याला ती संविदा स्वतः अंमलात आणता येत नाही व तिच्याबद्दल तो व्यक्तिशः बांधलाही जात नाही, असा सामान्य नियम कलम २३० मध्ये सांगितला आहे. ग्राहकांच्या तक्रारींतही अभिकर्त्याला हा बचाव घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मरीन कंटेनर सर्व्हिसेस वि. गो गो गारमेंट्स या खटल्यात १९९८ मध्ये ठरविले. तथापि त्रयस्थाने ज्याच्या भरवशावर व्यवहार केला, तोच पुढे नामानिराळा राहिला, तर त्रयस्थाची हानी होईल. म्हणून या नियमास काही अपवाद केले आहेत.

कलम २३० नुसार पुढील तीन प्रसंगी अभिकर्ता व्यक्तिशः बांधलेला आहे, असे गृहीत धरले जाते : (१) परदेशस्थ व्यापाऱ्याकरिता मालाची खरेदी वा विक्री केली असता; (२) प्रकर्त्याचे नाव उघड केले नसता; आणि (३) नाव उघड करूनही प्रकर्त्यावर दावा लावता येत नसल्यास. परकीय राज्याविरुद्ध केंद्र शासनाच्या संमतीवाचून दावा लावता येत नाही, हे तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय. ही गृहीतके खंडनीय आहेत. संविदेतील शब्दांवरून वा परिस्थितीवरून उलट उद्देश सिद्ध करता येतो.

दुसरा प्रकार नित्याच्या व्यवहारात अधिक आढळतो. मुंबईत गोवंडीलगत महानगरपालिकेचे देवनार पशुवधगृह १९७१ मध्ये सुरू झाले. तेथील बाजारात, विशेषतः बकरी ईदच्या सुमारास, राजस्थान, गुजरात इ. राज्यांतून बोकड विक्रीस येतात व दलालांमार्फत अनेक सौदे होतात. समजा, अमुक खाटकाकरिता घेत असल्याचे सांगून दलालाने बोकड खरेदी केले, तर किंमत खाटकाने द्यावयाची. मात्र आपण दुसऱ्याकरिता घेत आहोत एवढेच सांगून, नाव न कळविता त्याने ते उधारीवर नेले, तर तोच देणेदार असल्याचे गृहीत धरले जाईल. गावी परतणाऱ्या व्यापाऱ्यास पडद्याआडच्या गिऱ्हाइकाचा शोध घेत फिरावे लागू नये, हा त्यातील हेतू. ज्याने दोन पक्षांची केवळ गाठ घालून दिली, तो दलाल मात्र संविदेचा पक्षच नसल्याने या जबाबदारीत येत नाही.

व्यापारी रूढीनेही जबाबदारी येते. मुंबईच्या बाजारपेठेत कच्चा व पक्का असे आडत्यांचे दोन प्रकार रूढ होते. कच्चा आडत्या आपल्या गिऱ्हाइकाचा अभिकर्ता म्हणून सौदा करी. पक्का आडत्या मात्र गिऱ्हाइकाच्या दृष्टीने स्वतःच प्रकर्ता असतो. गिऱ्हाइकाचा सौदा तो स्वतःच्या मालाने पुरा करू शकतो व त्याच्या पूर्ततेस स्वतः जबाबदार असतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास नरोत्तमदास वि. कानजी देवजी या खटल्यात १९०५ मध्ये दिला.

अधिकार नसता स्वतःस अभिकर्ता म्हणविणाऱ्याची जबाबदारी निराळी आहे. तथाकथित प्रकर्त्याने कृत्याचे अनुसमर्थन न केल्यास त्रयस्थास झालेल्या हानीची भरपाई त्याला करावी लागते (कलम २३५). कॉलेन वि. राइट (१८५७) या इंग्लिश खटल्यात, आपणास अधिकार आहे अशी प्रामाणिक समजूत असूनही अशा व्यक्तीस उत्तरदायी ठरविण्यात आले. अस्तित्वातच न आलेल्या कंपनीच्या वतीने करार करणारे प्रवर्तकही असेच अडकतात. केल्नर वि. बॅक्स्टर (१८६६) या खटल्यात नियोजित हॉटेल कंपनीसाठी मद्य खरेदी करणाऱ्यांना त्याची किंमत स्वतः द्यावी लागली. भारतात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ अन्वये, कंपनीने स्थापनेनंतर असा करार स्वीकारून तसे दुसऱ्या पक्षास कळविल्यास तो तिच्याविरुद्ध अंमलात आणता येतो. मात्र तो तिच्या स्थापनेच्या अटींना धरून असावा लागतो.

हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांवरील सहीचे स्वरूप विशेष महत्त्वाचे असते. आपण अभिकर्ता म्हणून सही करीत आहोत किंवा व्यक्तिगत जबाबदारी घेत नाही, असे न दर्शविता केवळ स्वतःच्या नावाने सही करणारा व्यक्तिशः बांधला जातो. केवळ प्रकर्ताच जबाबदार राहील, असा विश्वास दाखवून ज्यांनी त्याला सही करावयास लावले, त्यांना मात्र त्याच्याकडे मागणी करता येत नाही (परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम २८).

अभिकर्ता व्यक्तिशः बांधलेला असेल, तेव्हा त्रयस्थ त्याला, प्रकर्त्याला किंवा दोघांनाही जबाबदार धरू शकतो (कलम २३३). मात्र केवळ एकालाच जबाबदार धरू, असा विश्वास देऊन त्याने दुसऱ्यास त्याप्रमाणे वागण्यास प्रवृत्त केले असेल, तर त्या दुसऱ्यावर त्याला पुढे दावा सांगता येत नाही (कलम २३४). अधिकारकक्षेतील कायदेशीर कृत्यांमुळे अभिकर्त्यास जे द्यावे लागेल, ते त्याला प्रकर्त्याकडून वसूल करता येते (कलम २२२). परंतु प्रकर्ता नादार वा बेपत्ता झाल्यास तो बोजा त्याच्यावरच राहतो. म्हणून संविदा करतानाच प्रकर्त्याचे नाव सांगणे व सहीवर ‘च्या वतीने’ असे नोंदणे हेच अभिकर्त्याचे प्रमुख संरक्षण ठरते.