नवी मोटार-होडी पाण्यांत घालतांना

नवी मोटारगाडी घरीं आली म्हणजे तिला हार घालून आपण प्रथम देवळापर्यंत नेतों आणि मग घरच्या मंडळींना मागें बसवून गांवांतून एक फेरी मारतों. वाटेंत गाडी बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते व आपण खालीं उतरून कोणाची तरी वाट पाहूं शकतों. मोटार-होडीची गोष्ट निराळी आहे. ती बिघडली तर उभी राहत नाहीं, वाहूं लागते. आणि खालीं उतरावयास रस्ता नसतो. हा भेद ऐकावयास फार साधा वाटतो. पण तो आम्हांस नीट समजावयास एक सबंध दिवस आणि पुष्कळसा चिखल लागला. ती हकीकत व तिच्या अनुषंगानें चार उपयुक्त गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

माझे बिऱ्हाड पालघरास असतें. माझे मेहुणे बोईसरच्या कारखान्यांत यंत्रज्ञ आहेत. गेल्या हिवाळ्यांत आम्ही दोघांनीं मिळून अठरा फूट लांबीची फायबरची होडी घेतली. तिच्या मागच्या फळीवर पंचवीस अश्वशक्तीचें यंत्र लावलेलें आहे. त्याला आउटबोर्ड म्हणतात. होडी सातपाटीच्या खाडींत ठेवावयाची आणि सुटीच्या दिवशीं उत्तरेकडे मुरबें, नवापूर, जमल्यास तारापूरपर्यंत जाऊन यावयाचें, असा आमचा बेत होता. मेहुण्यांचा जन्म यंत्रांत गेलेला. तेव्हां आतां शिकावयाचें असें काय राहिलें, अशी आमची समजूत होती.

यंत्रावर चालणाऱ्या होडीचें वय फारसें नाहीं. जर्मनींत डाइमलर यांनीं १८८६ सालीं आपलें पेट्रोलचें यंत्र एका लहान नौकेंत बसवून नेकार नदींत चालविलें. लोकांना पेट्रोलच्या स्फोटाची धास्ती वाटे, म्हणून त्यांनीं नौकेवर तारा व चिनी मातीचे खुंटे लावून ती विजेवर चालते असा देखावा केला होता, असें सांगतात. पुढें १९०९ सालीं, नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या ओले एव्हिन्रूड यांनीं होडीच्या मागें बाहेरून अडकविण्याचें यंत्र विक्रीस आणलें आणि साध्या वल्हविण्याच्या होडीलाहि यंत्र लावणें सोपें झालें. आमच्या किनाऱ्यावर यंत्रें आलीं तीं प्रथम हौसेसाठीं नव्हेत, मासेमारीसाठीं. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत सातपाटीस मच्छीमारांना यांत्रिक नौकांचें शिक्षण देणारें केंद्र निघालें. ज्यांच्या कित्येक पिढ्या शिडाखालीं गेल्या, त्या माणसांनीं वहीपेन्सिल घेऊन डीझेल यंत्राचे धडे गिरविले. त्यांना पाणी येत होतें, यंत्र शिकावें लागलें. आमची गत नेमकी उलट होती. आणि हें आम्हांला कोणी सांगितलेंहि नव्हतें.

तें सांगणारे गृहस्थ सातपाटीसच भेटले. वय सत्तरीच्या पुढें. पूर्वीं मोठ्या मचव्यावर तांडेल होते, आतां मुलगे जातात. त्यांची मांगेली बोली मला जशीच्या तशी सांगतां येणार नाहीं, म्हणून त्यांचें म्हणणें माझ्या भाषेंत देतों. मेहुणे म्हणाले, “तांडेलकाका, येत्या रविवारीं सकाळीं सातला निघावें म्हणतों.” रविवारीं पौर्णिमा होती. म्हातारे म्हणाले, “साहेब, या तुम्ही. पण येतांना फावडें घेऊन या. सातला इथें चिखल असेल.”

भरतीची वेळ काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण शहरांत ती विसरली गेली आहे. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या सुमारास मुंबईकडे पूर्ण भरती असते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पाऊणपट केली कीं सव्वाअकरा. त्या दिवशीं सकाळीं व रात्रीं सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि सुमारें सव्वासहा तासांच्या अंतरानें, म्हणजे पहांटे पांचला व सायंकाळीं साडेपांचला, ओहोटी. वद्य पक्षांतहि मोजणी पुन्हां एकपासून करावयाची. आमच्या बाजूला मुंबईच्या मानानें थोडा फरक पडतो, आणि ज्यांना मिनिटांचा हिशेब हवा त्यांच्यासाठीं भारतीय सर्वेक्षण विभागाचीं कोष्टकें आहेत. भ्रमणध्वनीवरहि तीं पाहतां येतात. तरी हा तोंडचा हिशेब अवश्य यावा. यंत्र भिजतें, भ्रमणध्वनि भिजतो. तिथि भिजत नाहीं.

पाणी किती चढतें हेंहि तिथीवरच आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतें. पाणी फार चढतें, फार उतरतें, आणि त्यामुळें खाडीच्या मुखाशीं त्याची ओढहि जबर असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. चढउतार कमी, ओढ कमी. नवख्यानें भांगाच्या सुमारास निघावें हें उघड आहे. तांडेलकाकांनीं आम्हांला शुद्ध एकादशी दिली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सातला निघावयाचें, म्हणजे पाणी अजून चढतें असेल. चढत्या पाण्यांत होडी कोठें टेकली तर थोड्या वेळांत आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यांत टेकली तर काय होतें, तें पुढें येईलच.

तो पाऊण आठवडा कागदपत्रांत गेला. होडीची नोंदणी, विमा आणि कोणत्या पाण्यांत जावयाचें याची परवानगी हीं कामें महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर-निरीक्षकाकडे समक्ष जाऊन समजून घ्यावींत. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये. २००८ सालीं मुंबईवर हल्ला करणारे लोक ‘कुबेर’ नांवाची मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गेंच आले होते. तेव्हांपासून या किनाऱ्यावर लहानशा होडीचीहि विचारपूस होते, आणि ती व्हावयास हवी. सातपाटीच्या सागरी पोलीस ठाण्याला आम्हीं किती माणसें, कोठें जाणार व केव्हां परतणार तें कळविलें. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीच्या आंतल्या बाजूला रंगानें लिहिला. जून व जुलै या महिन्यांत मात्र ह्या समुद्राचें नांवच काढूं नये. मच्छीमारांच्या मोठ्या नौकाहि तेव्हां किनाऱ्याला ओढलेल्या असतात.

निघण्याच्या दिवशीं बहिणीनें होडीच्या नाळेला हळदकुंकू वाहिलें, नारळ वाढविला. बारा वर्षांचा भाचा कपडे करून तयार होता. तांडेलकाकांनीं त्याला होडीत चढूं दिलें नाहीं. “पहिल्या दिवशीं पोर नको,” एवढेंच म्हणाले. मुलगा रडला, बहीण नाराज झाली. मलाहि तें थोडें कठोर वाटलें.

पेट्रोलची टाकी त्यांनीं होडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरावयास लावली. याचें कारण असें कीं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती वर उडून जात नाहीं. होडीच्या तळाशीं सांचून राहते, आणि मग एका ठिणगीचें काम असतें. डाइमलरच्या काळच्या लोकांची धास्ती अगदींच खुळी नव्हती. पेट्रोलचे तीन वांटे धरावे: एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक न मोजण्याचा. लाइफ-जॅकेट अंगांत घालून बंद केलेलें असावें; बांकाखालीं ठेवलेलें जाकीट बुडणाऱ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. यंत्राला एक तांबडी दोरी असते, ती चालविणाऱ्यानें मनगटाला अडकवावयाची असते. तो पाण्यांत पडला तर दोरी सुटते व यंत्र बंद पडतें. नाहीं तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, आणि तिच्या मागें पंखा फिरत असतो.

मोटार चालविणाऱ्याला होडी चालवितांना दोन गोष्टी चुकवितात. होडीला ब्रेक नाहीं. आणि ती पुढून वळत नाहीं, मागून वळते. धक्क्यापासून दूर जावें म्हणून तोंड एकदम बाहेर वळविलें तर ढुंगण धक्क्यावर आदळतें. मेहुण्यांनीं तें पहिल्या मिनिटांतच करून दाखविलें. शिवाय यंत्राचा जोर पुरा काढून घेतला कीं होडी वळेनाशी होते; म्हणून धक्क्याशीं येतांनाहि अगदीं थोडा जोर ठेवावा लागतो.

सातपाटी व मुरबें यांच्यामधल्या खाडींत गाळ फार. खोल पाण्याची वाट अरुंद असून नवख्याला ती दिसत नाहीं. तांडेलकाकांनीं मागें वळून किनाऱ्यावरचा एक उंच माड व त्याच्या मागचें एक छप्पर दाखविलें. दोन्ही एका रेषेंत दिसतात तोंवर आपण वाटेवर आहों. माड छपराच्या डावीउजवीकडे सरकला कीं आपण गाळाकडे चाललों. बाहेर पडल्यावर उत्तरेकडे, १९६९ सालीं सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या उंच इमारती दिसूं लागल्या. त्यांची खूण चांगली, पण त्या केंद्रासमोरच्या पाण्यांत जाण्याचें नांव काढावयाचें नाहीं असें पोलीस ठाण्यांतच बजावलें होतें. यंत्र नवें असल्यामुळें पहिले दहा तास तें पुऱ्या जोरानें चालवावयाचें नव्हतें. भरतीचें पाणी ह्या किनाऱ्यानें साधारणपणें उत्तरेकडे, खंबायतच्या आखाताकडे, वाहतें आणि ओहोटीचें दक्षिणेकडे. म्हणून जातांना भरती व येतांना ओहोटी आम्हांला ढकलणार होती. म्हाताऱ्याची ही योजना मला तेव्हां फार कौतुकाची वाटली.

समुद्र शांत होता. थंडीच्या दिवसांत पहांटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो व किनाऱ्याजवळचें पाणी सपाट राहतें. ऊन चढलें कीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. जागोजाग डोलजाळ्यांच्या कवींचे खुंट उभे होते, जाळ्यांचे तरंगते बोये होते. त्यांतून वाट काढीत आठच्या सुमारास नवापूरसमोर आलों. बोईसरच्या कारखान्यांचें सांडपाणी नळानें येथेंच समुद्रांत सोडलें जातें. तांडेलकाकांनीं त्या बाजूला नुसतें बोट दाखविलें. मासळी कमी झाल्याची येथल्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. मेहुणे, जे तोंवर पुष्कळ बोलत होते, ते कांहीं वेळ गप्प बसले.

नऊला तांडेलकाका म्हणाले, “आतां परतूं.” आम्हीं छायाचित्रांसाठीं दहा मिनिटें मागितलीं व अर्धा तास घेतला. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीनें उतरत नाहीं. एकूण उताराचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत प्रत्येकीं तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक, असें तें जातें. म्हणजे भरतीनंतर दोन तास गेले तरी पाव भागच पाणी कमी झालेलें असतें, आणि माणूस निश्चिंत राहतो. पुढच्या दोन तासांत अर्धी खाडी रिकामी होते.

दहा वाजून वीस मिनिटांनीं आम्ही खाडीच्या मुखाशीं आलों. आउटबोर्ड यंत्र समुद्राचेंच पाणी ओढून थंड राहतें, आणि तें वापरलेलें पाणी एका बारीक धारेनें बाजूला पडत असतें. ती धार दिसते आहे कीं नाहीं, इकडे चालविणाऱ्याची नजर वारंवार जावयास हवी. आमची धार बारीक झाली, थांबली. मेहुण्यांनीं ताबडतोब यंत्र बंद केलें, तें अगदीं बरोबर केलें. आणि लगेच टोपण काढून आंत पाहूं लागले. तेवढ्यांत ओहोटीनें होडीला मागें, कवींच्या खुंटांकडे, ओढावयास सुरुवात केली होती. पाठीमागें पाण्यांत कांहीं पडल्याचा आवाज आला. तांडेलकाकांनीं नांगर टाकला होता. पाणी दोन वांव होतें. त्यांनीं दोर बारा वांव सोडला. दोर आंखूड असला कीं नांगर उचलला जाऊन फरफटतो. खोलीच्या पांचसहापट दोर असला म्हणजे ओढ आडवी पडते व नांगराचे दांत रुततात. होडी थरथरून थांबली. खुंट आमच्यापासून फार तर पन्नास हात असतील. “आतां उघडा, साहेब,” ते म्हणाले.

यंत्रांत कांहींच बिघडलेलें नव्हतें. पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटला होता. तो काढावयास व धार पुन्हां सुरू करावयास अर्धा तास गेला. माड आणि छप्पर एका रेषेंत धरून आम्ही आंत शिरलों, पण वाट होती तेथें आतां पाणीच पुरेसें नव्हतें. अकरा वाजतां होडी टेकली. धक्का समोर दिसत होता; टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आमच्याकडे पाहून हंसत होत्या. उतरून चालत जावें म्हणून मीं पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला.

हिशेब सोपा होता. भरती सव्वाआठला झाली. तिच्यानंतर पावणेतीन तासांनीं आम्ही अडकलों. पुढची भरती रात्रीं पावणेनऊच्या आंतबाहेर. तिच्या आधीं पावणेतीन तास, म्हणजे सायंकाळीं सहाला, तेवढें पाणी परत येणार. सात तास. सावली नाहीं. आमच्याजवळची पाण्याची एक बाटली एकपर्यंत संपली. तांडेलकाकांनीं बांकाखालून स्वतःचा पांच लिटरचा डबा काढला, फडक्यांतली भाकरी काढली, तिघांना वांटून दिली आणि ताडपत्री अंगावर ओढून ते झोंपले. भाचा बरोबर असता तर, हा विचार त्या सात तासांत माझ्या मनांत किती वेळां आला तें सांगवत नाहीं. म्हाताऱ्याला नऊ वाजतांच हें सर्व दिसलें असावें असा माझा अजूनहि संशय आहे. विचारलें तर ते हंसतात.

सहाला पांच मिनिटें असतांना होडी हलली. धक्क्यावर आल्यावर अंधारांतच यंत्रांतून गोडें पाणी खेळवून मीठ व गाळ धुऊन काढला. हें काम प्रत्येक फेरीनंतर त्याच दिवशीं करावयाचें असतें, कितीहि थकवा आला तरी. पुढची फेरी वद्य दशमीला ठरली आहे; भरती साडेसातला, परत फिरावयाचें साडेआठला. भाच्याला त्या दिवशीं नेण्यास तांडेलकाकांनीं संमति दिली आहे. त्याच्या मापाचें लाइफ-जॅकेट मात्र अजून मिळावयाचें आहे.