गाळ्यातली धूळ ओढायची कशी?

डस्ट कलेक्टर घ्यायला निघालेला सुतार दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचा?" दुकानदारही त्याच हिशेबात उत्तर देतो. मोटरची ताकद लागतेच, पण निवड तिथून सुरू झाली की बहुतेक वेळा जमिनीवरचा भुसा कमी होतो आणि छातीत जाणारी धूळ होती तेवढीच राहते. म्हणून आधी धुळीकडे बघू, मशीनकडे नंतर.

रंधा मशीनच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा दोन-चार फुटांवर खाली पडतो. तो झाडून गोळा करता येतो, पोत्यात भरून देऊनही टाकता येतो. खरी काळजी त्याच्याबरोबर उडणाऱ्या पुडीची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ही पूड 10 मायक्रॉनच्या आतली, तिच्यातला बारीक भाग तर 2-3 मायक्रॉनचा. तो तासन्‌तास हवेत तरंगतो आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांत. हा कर्करोग मुख्यतः नाकाचा आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. एमडीएफची पूड सगळ्यात बारीक, आणि तिच्यात लाकडाबरोबर चिकटवायचं रेझिनही असतं. ज्या गाळ्यात दिवसभर एमडीएफवर राउटर चालतो, तिथे धूळ ओढायची सोय ही चैन नव्हे, करवतीइतकीच गरजेची वस्तू आहे.

आता हवेचा हिशेब. व्हॅक्यूम क्लीनर आणि डस्ट कलेक्टर दोन्ही ओढतात, पण दोघांचा स्वभाव वेगळा. व्हॅक्यूमची ओढ जबर, पाण्याच्या नळीत मोजली तर 60 ते 80 इंच, मात्र हवा मिनिटाला जेमतेम 100 ते 150 घनफूट. डस्ट कलेक्टरची ओढ 8 ते 12 इंच, पण हवा त्याच्या कितीतरी पट. म्हणून हातातल्या सँडरला, ज्याचं तोंड दीड इंचाचं आहे, व्हॅक्यूमच जोडावा. तिथे डस्ट कलेक्टर लावून काही हाती लागत नाही. टेबल सॉला आणि रंधा मशीनला व्हॅक्यूम लावणं तितकंच फुकट.

टेबल सॉला एवढी हवा का लागते? 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे मारत असेल तर त्याचे दात ताशी 190 किलोमीटरच्या वेगाने धावतात आणि पूड त्याच झपाट्याने बाहेर फेकतात. ती पकडायची तर पात्याभोवतीची सगळी हवाच खेचून घ्यावी लागते. एक प्रयोग करून बघा. डस्ट कलेक्टर चालू करा आणि उघड्या पाइपच्या तोंडासमोर पेटती उदबत्ती धरा. तोंडाला लागून धूर सरळ आत जातो. हात जरा मागे घेतला की धूर डळमळतो, आणि वीतभर अंतरावर तो आपल्या मनाने वर चढायला लागतो. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं अंतर गेलं की हवेचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे मशीन कितीही मोठं घेतलं तरी त्याचं तोंड धुळीच्या उगमाला भिडलेलं नसेल तर उपयोग नाही. टेबल सॉखालची पेटी प्लायने बंद करणं, पात्यावर ओढीचं झाकण बसवणं, राउटर टेबलाच्या फेन्समागे तोंड आणणं, ही दोनशे-चारशे रुपयांची कामं एचपी वाढवण्यापेक्षा जास्त फळ देतात.

मग पाइप. इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. भुसा पाइपात खाली न बसता पुढे सरकायला हवेचा वेग सेकंदाला 18 ते 20 मीटर हवा. एवढ्या वेगाने 4 इंची पाइपातून मिनिटाला साधारण 330 घनफूट हवा जाते, 6 इंचीतून सुमारे 750. ढलप्या ओढायला 330 पुरतात. बारीक पूड पकडायची तर 700-800 च्या आसपास जावं लागतं. 4 इंची पाइपातून तेवढी हवा जात नाही, कारण तेवढीच हवा अरुंद पाइपातून न्यायची तर घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. 6 इंचीच्या जागी 4 इंची घातला तर तोटा सातपटीहून जास्त. मोठा ब्लोअर घेऊन त्याला 4 इंची पाइप जोडणारे गाळे पुष्कळ दिसतात. अनेक ब्लोअरच्या तोंडावर दोन 4 इंची फाटे बसवलेले येतात. ते काढून थेट 6 इंची मुख्य पाइप जोडावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 160 मिमीचा पीव्हीसी पाइप या कामाला चांगला चालतो. उलटी चूकही टाळा: 1 एचपीच्या ब्लोअरला 6 इंची पाइप लावला तर वेग पडतो आणि भुसा आडव्या पाइपात साचतो. चुण्यांच्या लवचिक पाइपचं घर्षण गुळगुळीत पाइपच्या दोन-तीनपट असतं, म्हणून तो शेवटच्या हातभरापुरताच ठेवा. काटकोनाच्या एका एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन वापरा. प्रत्येक मशीनला झडप लावा आणि एका वेळी एकच उघडी ठेवा.

ब्लोअरच्या कागदावरच्या आकड्याबद्दल एक इशारा. तो बहुधा पाइप आणि पिशवीशिवाय मोजलेला असतो. जोडणी झाल्यावर प्रत्यक्षातली हवा निम्म्यापर्यंतही उतरते. शिवाय परदेशी पुस्तकांतले आणि व्हिडिओंमधले आकडे बहुतेक अमेरिकेतले, 60 हर्ट्‌झच्या विजेचे. तिथली मोटर मिनिटाला 3450 फेरे घेते, आपली 50 हर्ट्‌झवर 2850. तोच इम्पेलर, म्हणजे ब्लोअरच्या आत फिरणारा पंखा, इथे 17 टक्के कमी हवा देतो आणि त्याची ओढ 32 टक्क्यांनी घटते. म्हणून एचपीबरोबर इम्पेलरचा व्यास विचारा. टेबल सॉ, रंधा मशीन आणि राउटर एवढं असलेल्या गाळ्यात, पाइप 15-20 फुटांच्या आत असेल तर, 12 इंचांच्या आसपास इम्पेलर असलेला 2 ते 3 एचपीचा ब्लोअर मला योग्य वाटतो.

आता गाळणी. स्वस्त मशीनबरोबर येणारी कापडी पिशवी 30 मायक्रॉनची असते. म्हणजे जी धूळ पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच पिशवीतून आरपार जाऊन तोंडाच्या उंचीवर पसरते. 1 मायक्रॉनची पिशवी किंवा चुण्यांची कार्ट्रिज घ्यावी. पैसे कमी पडत असतील तर मोटर अर्धा एचपी लहान घ्या, पण गाळणीत तडजोड नको. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. थंड देशांत तापवलेली हवा बाहेर सोडणं महाग पडतं, आपल्याला ती अडचण नाही. मागच्या बाजूला मोकळी जागा असेल तर भुसा वेगळा करणारा सायक्लोन लावून उरलेली हवा सरळ बाहेर काढता येते. मात्र शेजारी घर किंवा दुकान असेल तर हे करू नये. आणि जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला समोरची खिडकी उघडी हवी.

सायक्लोनचा फायदा आणखी एक. त्यात हवा गोल फिरते, जड भुसा भिंतीला घासत खाली डब्यात पडतो आणि ब्लोअरपर्यंत फक्त पूड जाते. साध्या मशीनमध्ये सगळं इम्पेलरमधूनच जातं. जुन्या वाड्यांचं सागवान घासणाऱ्या कारागिरांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्या लाकडात खिळ्यांचे तुकडे अडकलेले असतात. तुकडा लोखंडी इम्पेलरवर आपटला की ठिणगी पडते, भुशात धुमसत राहते, आणि आग रात्री गाळा बंद असताना लागते. लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा, आणि भुशाचा डबा संध्याकाळी रिकामा करून बाहेर ठेवा.

गाळणी कधी साफ करायची हे अंदाजाने ठरवू नका. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून भिंतीला ठोका आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक ब्लोअर आणि गाळणी यांच्या मधल्या भागात घाला, दुसरं मोकळं ठेवा. गाळणी नवी असताना, एकच झडप उघडी ठेवून, दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती इंचांचा फरक पडतो तो मार्करने लिहून ठेवा. पुढे तीच झडप उघडून बघा; फरक दुप्पट झाला की गाळणी बाहेर नेऊन, तोंडाला एन95 मास्क बांधून, स्वच्छ बाजूकडून हलक्या हवेने झाडा. पावसाळ्यात दमट पूड चुण्यांना चिकटते, त्यामुळे जून ते सप्टेंबर ही वेळ लवकर येते.